मिस ब्रांड्टच्या हातचे अंबाडे

टॅनर्स लँडिंगमधल्या बायकांची समजूत अशी होती की मिस टिली ब्रांड्ट स्वभावाने लाजरी आहे, कारण बोलताना ती कधी समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे. टिली लाजरी नव्हती. तिची नजर समोरच्या बाईच्या भुवयांच्या वर चार बोटं असायची, कारण तिथे बहुतेक वेळा तिचंच काम असायचं, आणि ते नीट बसलंय की घसरलंय हे बघण्यात तिला त्या बाईच्या बोलण्यापेक्षा जास्त रस होता.

ओहायो नदीच्या या काठावर, लोखंडी सामानाच्या दुकानावर, जिना चढून गेलं की डाव्या हाताला तिची खोली आणि उजव्या हाताला दाताच्या डॉक्टरचा दवाखाना. खोलीत एक लांब टेबल, त्यावर केस विंचरायची खिळ्यांची फळी, केस विणायला दोन खुंट्यांमध्ये ताणलेले तीन दोरे आणि भिंतीला लागून लाकडी डोक्यांची रांग. टिली म्हणायची, गावातल्या माणसांपेक्षा ही डोकी बरी. निदान आत काही असल्याचा आव आणत नाहीत.

सतराव्या वर्षी तिच्या बापाने तिला सिनसिनाटीला क्लाइनश्मिट नावाच्या जर्मन म्हाताऱ्याकडे कामाला ठेवलं. तो नाटकवाल्यांचे टोप करायचा. तिथे दहा वर्षं ती केस उकळायला, रंगवायला, मुळं एकीकडे आणि टोकं एकीकडे करून विंचरायला आणि एक-एक केस जाळीत ओवायला शिकली. म्हातारा कधी कुणाला शाबासकी देत नसे. काम वाईट असेल तर तो टोप उचलून कोळशाच्या बादलीत टाकायचा आणि चांगलं असेल तर काहीच बोलायचा नाही. टिलीला ही पद्धत फार आवडली. म्हातारा मेल्यावर ती गावी परतली तेव्हा हत्यारांच्या पेटीबरोबर त्याचा तोरा पण तिने आणला होता.

आणि दिवसही तिला फार चांगले मिळाले. त्या काळी बायकांना डोक्यावर परडी पालथी घातल्यासारखा केसांचा फुगा हवा असायचा. देवाने तेवढे केस दर शंभरातल्या चार बायकांना दिले होते. बाकीच्यांना टिलीने दिले. फुग्याच्या आत केसांचा गोळा भरायचा, त्याला गावात उंदीर म्हणत. मागे गंगावन जोडायचं. कपाळावर कुरळ्या बटा हव्या असतील तर त्या वेगळ्या. प्रत्येकीच्या आरशापुढे झाकणाला भोक असलेलं चिनी मातीचं भांडं असायचं. विंचरताना गळलेले केस त्यात कोंबायचे आणि भांडं भरलं की पिशवी करून टिलीकडे आणायचं.

"हे सगळे माझे स्वतःचे हं," बायका सांगायच्या.

"दिसतंय," टिली म्हणायची. पिशवीत एका बाईचे केस तीन रंगांचे निघायचे.

घरचे केस पुरले नाहीत की ती न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडून मागवायची. ते चीनहून यायचे, काळे आणि घोड्याच्या शेपटीसारखे जाड. टिली ते उकळून, रंग उडवून, पुन्हा रंगवून कुणाच्या तरी सोनेरी डोक्यावर चढवायची. रविवारी चर्चमध्ये ती मुद्दाम शेवटच्या बाकावर बसायची. तिथून सगळी डोकी दिसायची. प्रार्थना चालू असताना ती एक-एक डोकं ओळखत जायची आणि मनातल्या मनात नाक मुरडायची. खोटं मिरवणाऱ्यांची तिला कीव येत नसे, किळस येई. आणि ते खोटं आपण स्वतः विणलं आहे, याचं तिला कधी काही वाटलं नाही. खुर्ची करणारा त्या खुर्चीत कोण बसतं याला जबाबदार नसतो, असा तिचा हिशेब होता.

मग बॉबकट आला.

आधी मासिकांतून आला, मग लुईव्हिलहून येणाऱ्या पाहुण्या पोरींच्या डोक्यांवरून आला, आणि एका शनिवारी औषधवाल्याची मुलगी व्हर्ना सरळ डफ मॅकनल्टीच्या न्हाव्याच्या दुकानात शिरली. दाढीला बसलेली माणसं तोंडाला फेस तसाच ठेवून बघत राहिली. ती बाहेर आली तेव्हा केस कानाच्या पाळीपाशी सपकन तोडलेले होते. महिनाभरात अकरा जणी भादरून आल्या. वर्षभरात डफच्या दुकानात शनिवारी पुरुषांना जागा मिळेनाशी झाली.

टिली खिडकीतून बघायची. मागून पाहिलं तर पोरगी कोण आणि खाटकाचा गडी कोण, हे कळायला मार्ग उरला नव्हता. मानेवरची लव तशीच ठेवून त्यावर पावडर थापायची, गालांवर दोन बटा थुंकीने चिकटवायच्या, गुडघ्यापर्यंतचा झगा घालायचा आणि आपण फार मोठं बंड केलं अशा थाटात सोडा प्यायला जायचं. बंड म्हणे. अकरा जणींनी एकाच न्हाव्याकडून एकाच मापाचे केस कापून घेतले होते.

व्हर्ना आपली कापलेली वेणी घेऊन तिच्याकडे आली.

"याचे किती मिळतील, मिस ब्रांड्ट? लोक म्हणतात खऱ्या केसांना चांगला भाव असतो."

"असायचा."

"मग?"

"मग काय? विकत घेणाऱ्या बायका होत्या तोपर्यंत भाव होता. त्या सगळ्या आता तुझ्यासारख्या झिपऱ्या करून फिरतायत. घेऊन जा घरी. उशीत भर."

आणि दुसरी बाजू काही कमी नव्हती. रेव्हरंड ऑग्डेनने लागोपाठ तीन रविवार स्त्रीच्या केसांवर प्रवचन दिलं. स्त्रीचे केस हे देवाने तिला दिलेलं वैभव आहे आणि ते कापणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर परत फेकणं आहे, असं तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला. पुढच्या बाकांवरच्या बायका संथपणे माना डोलावत होत्या. माना जपून डोलवाव्या लागत होत्या, कारण त्यातल्या सव्वीस जणींचं वैभव टिलीने पिनांनी टोचून बसवलेलं होतं. टिलीने आयुष्यात इतकं मन लावून प्रवचन ऐकलं नव्हतं.

पण प्रवचनाने पोट भरत नाही. १९२४ च्या वसंतात आठवडेच्या आठवडे जिन्यावर पाऊल वाजेना. वाजलंच तर ते उजवीकडे दाताच्या डॉक्टरकडे वळायचं.

त्याच सुमाराला शाळेच्या बोर्डाने ठराव केला. बोर्डाचा अध्यक्ष होरेस बिडल. त्याचा गुरांच्या चाऱ्याचा धंदा होता, फर्निचरचं दुकान होतं आणि त्याच दुकानाच्या मागच्या बाजूला शवपेट्याही मिळत, त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी आपल्याच हातात येणार अशा नजरेने तो सगळ्यांकडे बघायचा. ठराव असा की ज्या शिक्षिकेने केस कापले आहेत तिला सप्टेंबरपासून कामावर ठेवायचं नाही.

ठरावानंतर चार दिवसांनी, शाळा सुटल्यावर, तिसरीच्या वर्गाला शिकवणारी ल्युएला हॅस्किन जिना चढून डावीकडे वळली. चोवीस वर्षांची, उंच, तोंडभर वांगाचे ठिपके असलेली पोरगी. टोपी कानांपर्यंत ओढलेली; कानदुखीचं निमित्त करून आठवडाभर ती वर्गातही काढली नव्हती. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी टेबलावर ठेवली.

टिलीने कागद उलगडला. वेणी होती. भाजलेल्या चेस्टनटच्या रंगाची, लांब, एकसारखी, वरच्या टोकाला घट्ट दोरा बांधलेली. टिलीने ती नुसती तळहातावर तोलली. गेल्या दहा वर्षांत असे केस तिच्या टेबलावर आले नव्हते.

"मुळाकडून बांधून मग कापलेत," ती म्हणाली. "एवढी अक्कल होती तर कापलेस कशाला?"

"हलकं वाटावं म्हणून."

"वाटलं?"

"चार दिवस वाटलं," ल्युएला म्हणाली. "मग सगळ्या शिक्षिकांना बोर्डाची चिठ्ठी आली."

"मग आता?"

"यांचा अंबाडा करून द्या. असा की कुणाला कळू नये."

"म्हणजे कापायची छाती आहे आणि कापले म्हणून सांगायची नाही."

"नोकरी जाईल, मिस ब्रांड्ट. घरी आई आहे. ती अंथरुणातून उठत नाही."

"आया सगळ्यांनाच असतात," टिली म्हणाली. "टोपी काढ. बस इथे."

तिने पोरीच्या डोक्याचं माप घेतलं. डफने मागची बाजू करवतीने कापल्यासारखी केली होती. टिली आठ दिवस तो अंबाडा करत बसली. पोरीबद्दल तिला तिरस्कारच होता; एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवणाऱ्या माणसांबद्दल तिला नेहमीच वाटायचा. पण वाईट काम तिच्या हातांना जमत नसे. तिने मानेवर सुटलेल्या दोन बटा मुद्दाम ओवल्या, उजवीकडे केस थोडे विस्कटलेले ठेवले. खरा अंबाडा दुपारपर्यंत थोडा विस्कटतोच.

ल्युएलाने आरशात पाहिलं आणि मानेवरची सुटलेली बट बोटाने मागे सारली. मग म्हणाली, "मला वाटतंय मी कापलेच नाहीत."

"तू कापलेस," टिली म्हणाली. "विसरू नकोस. पाठीवर झोपायचं नाही आणि झाडाखालून जाताना वाकून जायचं."

मे महिन्यात आणखी तिघी आल्या, पाठोपाठ चौथी. सात शिक्षिकांपैकी पाच जणी. जिन्यावर एकमेकींची गाठ पडली की प्रत्येक जण गालाला हात लावून दुखऱ्या दाताची गोष्ट सांगायची आणि दुसरी सहानुभूतीने मान हलवायची. टिली दार किंचित उघडं ठेवून हे ऐकायची. एरवी ही माणसं मुलांना खरं बोलायला शिकवत होती.

हे असंच चाललं असतं, पण जूनच्या शाळेच्या सहलीत पाचवीच्या वर्गाची मिस प्रुइट लिंबू सरबताच्या पिंपावर वाकली आणि तिचा अंबाडा पिंपात पडला. बर्फाबरोबर तरंगू लागला. एका मुलीने तो पळीने वर काढला आणि सभ्यपणे विचारलं, "हा तुमचा आहे का?" मिसेस बिडल तीन पावलांवर उभ्या होत्या.

दुसऱ्याच आठवड्यात होरेस बिडल धापा टाकत जिना चढून आला. खोलीतल्या लाकडी डोक्यांकडे त्याने गिऱ्हाईक बघितल्यासारखं पाहिलं.

"मिस ब्रांड्ट, केसांची तुमच्याइतकी पारख या गावात कुणाला नाही."

"हे तुम्हाला आज कळलं?"

"बोर्डासमोर चौकशी आहे. ऑगस्टमध्ये, शनिवारी दुपारी, शाळेच्या वरच्या हॉलमध्ये. मुली सगळ्या शपथेवर सांगतायत की केस आमचेच आहेत. मिस प्रुइटसुद्धा म्हणते की ते एकदाच, आजारपणात गळले म्हणून लावले होते. आता बायकामाणसांचे केस ओढून बघणं आम्हा पुरुषांना शोभत नाही. तुम्ही नुसत्या नजरेने सांगू शकता, असं म्हणतात."

"शकते."

"मग या. सांगा. गाव तुमचे उपकार मानेल."

टिलीने हो म्हटलं. नंतर तिने स्वतःला दहा कारणं सांगितली, पण खरं कारण एकच होतं. गावी परतून तिला तीस वर्षं झाली होती आणि तिच्या हुशारीबद्दल चारचौघांत तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. जो माणूस सगळ्यांना तुच्छ लेखतो त्यालाही आपण बोलावलं जावं असं वाटतं, आणि बिडलसारख्या माणसाने बोलावलं तरी चालतं. हे तिला स्वतःबद्दल माहीत नव्हतं.

बातमी पसरली. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ल्युएला तिला जिन्याखाली भेटली.

"तुम्ही सांगणार आहात का?"

"तीस वर्षांत मी एकीच्या डोक्याबद्दल दुसरीपाशी बोलले नाही," टिली म्हणाली.

"मग मी निर्धास्त राहू?"

"घरी जा. आईकडे बघ."

ल्युएलाने तो दिलेला शब्द मानला. टिलीनेही तो शब्द म्हणूनच दिला होता. उद्या हॉलमध्ये जायचं, पाची जणींकडे नीट बघायचं आणि म्हणायचं की या उजेडात काही सांगता येत नाही, असं तिने ठरवलं होतं. बोलावणंही पदरात पडलं असतं आणि बिडलचं तोंडही बघण्यासारखं झालं असतं.

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या सताड उघड्या होत्या तरी वारा नव्हता आणि बायका शवपेट्यांची जाहिरात छापलेले बिडलच्या दुकानातले पुठ्ठ्याचे पंखे हलवत होत्या. व्यासपीठावर एका बाजूला टेबलामागे बोर्डाचे पाच पुरुष. दुसऱ्या बाजूला बाकावर साती शिक्षिका, जणू कोंबड्या विकायला बसवल्यात. खाली पहिल्या रांगेत महिला समितीच्या तिघी, मिसेस बिडल, मिसेस ऑग्डेन आणि मिसेस ट्रास्क. टिलीला त्यांच्या आणि व्यासपीठाच्या मध्ये एक खुर्ची दिली होती. तिला बायबलवर हात ठेवायला सांगितलं. तिने ठेवला.

बिडलने तिला विचारायच्या आधी मिसेस बिडल उठल्या. त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. देवाने दिलेल्यात समाधान मानणाऱ्या बायका या गावात अजून आहेत, त्यांनी आपलं वैभव निष्ठेने जपलं आहे आणि म्हणूनच या मुलींबद्दल बोलण्याचा त्यांना अधिकार आहे, असं त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी कपाळावरचा फुगा हलकेच दोन्ही हातांनी सावरला. मग टिलीकडे वळून त्या हसल्या.

"घाबरू नका हो, मिस ब्रांड्ट. तुमचा धंदा कसला आहे ते आम्हाला ठाऊक आहे. पण माणसाला पोटासाठी काहीही करावं लागतं. इथे तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही."

टिली उभी राहिली. या उजेडात काही सांगता येत नाही, हे वाक्य तिच्या ओठांवर होतं. ते तिथेच राहिलं.

"कुठल्या रांगेपासून सुरू करू?" तिने बिडलला विचारलं.

"रांग एकच आहे," बिडल म्हणाला. "ही, वरची."

"मला दोन दिसतायत."

आणि ती खालच्या रांगेकडे वळली.

"मिसेस बिडल," ती म्हणाली, तिच्या नेहमीच्या सपाट आवाजात. "पुढचा सगळा फुगा. १९०९ साली केला, १९१५ साली पुन्हा भरला. आत दोन उंदीर आहेत. वरचे केस चीनचे. कुणाचे ते मी सांगू शकत नाही. कुण्या बाईने विकले असतील किंवा मेलेलीचे काढले असतील. मूळ काळे होते. तीन वेळा रंग उडवावा लागला, तेव्हा कुठे तुमच्यासारखे झाले."

हॉलमधले पंखे थांबले.

"मिसेस ऑग्डेन. मागचं गंगावन. अर्धे केस तुमचे, भांड्यातले. अर्धे तुमच्या धाकट्या बहिणीचे, ती गेली त्या आठवड्यात तुम्ही पिशवीतून आणलेत. मिसेस ट्रास्क, तुमचे कपाळावरचे कुरळे. ते माणसाचे नाहीत, अंगोरा बकरीचे आहेत. तुम्हाला स्वस्तातले हवे होते."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू हॉलभर धावत गेलं. मिसेस ट्रास्कनी दोन्ही हात कपाळावर दाबून धरले. बिडल टेबलावर हातोडी ठोकत होता. टिलीला ती ऐकू येत नव्हती. तीस वर्षं शेवटच्या बाकावरून मनातल्या मनात जे म्हटलं होतं ते आता तोंडातून बाहेर पडत होतं आणि त्याची चव इतकी गोड असेल याची तिला कल्पना नव्हती. ती दुसऱ्या रांगेत गेली, तिसऱ्या रांगेत गेली. नाव, साल, काय लावलंय, कुठून आलंय. बायका तोंड लपवत होत्या, पुरुष मांड्या थोपटत होते. मग ती व्यासपीठाकडे वळली आणि त्याच चालीत, त्याच आवाजात पुढे म्हणत गेली.

"डावीकडून पहिली मिस प्रुइट, खोटा अंबाडा, सरबताचा डाग अजून आहे. दुसरीचे स्वतःचे, पण विरळ. तिसरी, चौथी, माझ्याकडचे. पाचवीचे स्वतःचे. सहावी मिस हॅस्किन. तिचेच केस, कापून पुन्हा बांधलेले. या हॉलमधलं माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. सातवी—"

सातवीपर्यंत पोचल्यावर तिला आपण काय केलं ते कळलं.

ल्युएला तिच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, पाटीवर मुलाने काय लिहिलंय ते वाचावं तसं. मग तिने हात मागे नेऊन एक-एक पिन काढायला सुरुवात केली. घाई केली नाही. सगळ्या पिना काढून झाल्यावर तिने अंबाडा काढला, उठून टेबलापाशी गेली आणि बिडलच्या कागदांवर ठेवला.

"हा तुम्हाला हवा होता ना," ती म्हणाली. "ठेवा. तुमच्या डोक्याला जास्त गरज आहे."

बिडलच्या टकलावर घाम होता. लोक पुन्हा हसले. ल्युएला बाजूच्या दाराने निघून गेली. जाताना ती टिलीच्या अगदी जवळून गेली.

पुढे जे झालं ते या गावाला साजेसंच झालं. बोर्डाने ठराव मागे घेतला नाही. त्याबद्दल कुणी परत बोललंच नाही. सप्टेंबरमध्ये चौघी खोटारड्या शिक्षिका कामावर हजर झाल्या, दोघी अंबाडे लावून आणि दोघी भादरलेल्या डोक्यांनी, आणि कुणीही वर पाहिलं नाही. पण इतकी नाचक्की झाल्यावर काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं होतं. म्हणून अध्यक्षांशी उद्धटपणे वागल्याबद्दल ल्युएला हॅस्किनला काढून टाकलं. सगळ्यांना ते न्याय्य वाटलं. समितीच्या बायकांना वाटलं, कारण निदान एक तरी बळी मिळाला. चौघी शिक्षिकांना वाटलं, कारण तो बळी त्यांचा नव्हता. ल्युएला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. तिथे डोकं कुणाला दिसत नसे.

टिलीचा जिना मात्र साफ बंद झाला. लांब केसांच्या बायका येईनात, आखूड केसांच्याही येईनात. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर तिच्याशेजारी कुणी बसेना. हिवाळ्यात तिने लाकडी डोकी एका टोपीवालीला विकली. आपण काही चूक केली असं ती कुणापाशी म्हणाली नाही. बोललं ते सगळं खरं होतं, असं ती स्वतःला सांगायची, आणि मग तिला ती पोरगी पिना काढताना दिसायची आणि हातातलं काम खाली ठेवावं लागायचं.

फेब्रुवारीत डफ मॅकनल्टी वर आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"मिस ब्रांड्ट, माझे हात पुरुषांच्या डोक्याचे आहेत. मी कापतो आणि बायका रडतात. काल तर एकीने साबणाचा वाडगा फेकून मारला."

"चांगलं केलं."

"मागच्या बाजूला पडदा लावून देतो. वेगळं दार आहे. तुम्ही कापा."

"मी आयुष्यभर केस जोडले, मिस्टर मॅकनल्टी. भादरणं हे काम नव्हे."

"तेच म्हणतो मी," डफ म्हणाला. "मलाही ते काम वाटत नाही. म्हणून तर मला ते जमत नाही."

मार्चमध्ये तिने जाऊन पाहिलं. एप्रिलपासून ती पडद्यामागे उभी राहिली. आठवड्याभरात तिला सगळं आलं. मानेची खळगी कुठे आहे, भोवरा कुठे वळतो, कान किती लपवावा, हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं. आता फक्त कात्री उलटी चालवायची होती. खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीला ती तोंडावर सांगायची.

"मला शोभेल ना?"

"नाही. तुझी मान डुकराची आहे. दोन बोटं खाली ठेवते."

बायका बाहेर जाऊन एकमेकींना सांगायच्या की तोडून बोलते म्हणजे तिला कळतं. शेजारच्या गावांहून बायका आगगाडीने येऊ लागल्या. १९२७ साली मिसेस बिडलसुद्धा मागच्या दाराने आल्या, दोन्ही उंदीर स्वतःच काढून पिशवीत घातले आणि डोळे मिटून बसल्या. टिलीने कापले. त्यांचं डोकं फुग्याशिवाय फारच लहान निघालं.

ल्युएला पहिल्यांदा आली ती १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये. तिची आई उन्हाळ्यात गेली होती. पडदा सरकवून ती आत आली, कोट काढून खुंटीला लावला आणि खुर्चीत बसली.

"मागून आखूड," ती म्हणाली. "कानापर्यंत."

टिलीने कात्री उचलली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. ते वाक्य तिने गेलं वर्षभर तयार करून ठेवलं होतं, पण आरशात पोरीने डोळे मिटून घेतलेले होते आणि मिटलेल्या डोळ्यांशी बोलणं टिलीला येत नव्हतं. तिने केस कापले. जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावला. ब्रशने मान झाडली. ल्युएलाने डोळे उघडले, आरशात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं, कोट घातला आणि गेली.

त्यानंतर दर तिसऱ्या आठवड्याला ती येत राहिली, नऊ वर्षं. सगळ्या जिल्ह्यात टिलीसारखे केस कापणारं दुसरं कुणी नव्हतं आणि आपल्या डोक्याचं वाटोळं करून टिलीला शिक्षा करण्याइतकी ती मूर्ख नव्हती. पण त्या पहिल्या तीन शब्दांनंतर ती तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. टिलीनेही बोलायचा प्रयत्न केला नाही. बाकीच्या बायका केव्हाच सगळं विसरून, हसत, तिच्यापाशी एकमेकींच्या चहाड्या करायला लागल्या होत्या. ज्यांच्या डोक्यांवरून तिने भर हॉलमध्ये पांघरूण ओढलं त्याच आता तिला ख्रिसमसला फळांचा केक पाठवत होत्या. टिली तो केक डफला द्यायची.

एकदा डफने विचारलं, "ती हॅस्किनची मुलगी तुमच्याशी बोलत का नाही?"

"कारण तिची स्मरणशक्ती चांगली आहे," टिली म्हणाली आणि पडद्यामागची फरशी झाडू लागली. गुरुवार होता. ल्युएला साडेचारला यायची होती.